जीटीए ६ परत लांबला: १९ नोव्हेंबर २०२६ ही तारीख धरायची का?

खजराना_क्रॉसिंग | ७ नोव्हेंबर २०२५, सकाळी ९.१२

राम राम मंडळी. रॉकस्टार कंपनीने आपला जीटीए ६ हा व्हिडिओ गेम पुन्हा पुढे ढकलला, ही काल रात्रीची बातमी एव्हाना सगळ्यांनी वाचली असेल. २६ मे २०२६ गेली, आता १९ नोव्हेंबर २०२६, गुरुवार. डिसेंबर २०२३ च्या पहिल्या ट्रेलरच्या शेवटी नुसतं ‘२०२५’ होतं. २ मे २०२५ ला ते मे २०२६ झालं. आता हे.

लांबलं म्हणून माझी तक्रार नाही. माझी शंका दुसरीच आहे. दोन वर्षांत दोन ट्रेलर आले, दोन्ही कापून-जोडून बांधलेले. दुसऱ्याबद्दल कंपनी म्हणते की सगळं पीएस५ वर (सोनीच्या प्लेस्टेशन ५ कन्सोलवर) टिपलंय, निम्मं प्रत्यक्ष खेळातलं, निम्मं कटसीनचं (मधे नुसत्या बघायच्या गोष्टीच्या दृश्यांचं). पण निम्मं कुठलं ते दाखवा ना कोणी! कोपऱ्यात नकाशा नाही, गोळ्यांचा आकडा नाही, एक मिशन सुरुवातीपासून शेवटपर्यंत नाही. किंमत नाही, पीसीचं नाव नाही, ऑनलाइनबद्दल चकार शब्द नाही. आणि लोक कन्सोल घ्यायला निघालेत.

तर तीन प्रश्न. तारीख टिकेल का? कन्सोल आत्ता घ्यावा की थांबावं? आणि खेळ खरंच तयार आहे हे बाहेरून कशावरून ओळखायचं? ‘येईल तेव्हा बघू’ हे उत्तर नको, ते माझ्या आजीलाही येतं.

जिरावण | ७ नोव्हेंबर, ९.३०

इंदूरची मेट्रो आली भिया, जीटीए नाही आला. २०१९ ला भूमिपूजन, ३१ मे २०२५ ला गाडी सुरू. करा हिशेब.

बारीक_सेव | ७ नोव्हेंबर, ९.३४

ती मेट्रो नाही, अर्ली ॲक्सेस आहे (अर्धवट खेळ आधीच विकायला काढतात तसं). पाच स्टेशनं, सहा किलोमीटर, बाकीचा नकाशा डीएलसीत, म्हणजे नंतर येणाऱ्या जोडभागात.

रामबागकर | ७ नोव्हेंबर, १०.०५

पहिल्या प्रश्नाचं उत्तर जुन्या वहीत आहे. जीटीए ४ यायचा होता १६ ऑक्टोबर २००७ ला, आला २९ एप्रिल २००८ ला. जीटीए ५ यायचा होता २०१३ च्या मार्च-मेदरम्यान, आला १७ सप्टेंबर २०१३ ला. याच कंपनीचा रेड डेड रिडेम्प्शन २ आधी २०१७ च्या शेवटी, मग २०१८ च्या मार्च-मेदरम्यान, शेवटी २६ ऑक्टोबर २०१८. म्हणजे एक किंवा दोन वेळा पुढे ढकलणं हा या घराचा कुळाचार आहे. शेवटची तारीख जाहीर केल्यावर मात्र कन्सोलचा खेळ त्याच दिवशी आलाय. रेड डेड २ ची शेवटची तारीख १ फेब्रुवारी २०१८ ला सांगितली, जवळपास नऊ महिने आधी, आणि ती हलली नाही. सहाव्यालाही दोन ढकलण्या झाल्या. माझ्या मते १९ नोव्हेंबर पक्की.

अनुभवी_शंकासुर | ७ नोव्हेंबर, १०.४०

रामबागकर काका, वही बरोबर आहे, बेरीज चुकली. जीटीए ५ आणि रेड डेड २ मध्ये जे हललं ते ‘अमुक महिन्यांत येईल’ असलं मोघम बोलणं होतं. नेमकी तारीख दिल्यावर हलली नाही, हे खरं. पण या वेळी २६ मे ही नेमकी तारीख होती, वार-बिर सकट, आणि तीच हलली. तुमच्या यादीत असं फक्त जीटीए ४ चं झालंय. शिवाय जीटीए ५ ची पीसी आवृत्ती तुम्ही सोयीस्कर विसरलात: २७ जानेवारी २०१५, मग २४ मार्च, मग १४ एप्रिल. नेमक्या तारखा, दोनदा हलल्या, आणि दुसऱ्यांदा तर तीनच आठवड्यांसाठी. तीन आठवडे लागतील हे ज्यांना आधी कळलं नाही, त्यांना बारा महिने आधी काय कळणार?

रामबागकर | ७ नोव्हेंबर, १०.५२

पीसीचा मुद्दा मान्य. बाकी कायम.

ताळेबंद | ७ नोव्हेंबर, दुपारी १.१५

तुम्ही सगळे कॅलेंडर बघताय, मी खातं बघतो. मालक कंपनी टेक-टू, तिचं आर्थिक वर्ष आपल्यासारखंच ३१ मार्चला संपतं. मे महिन्यातल्या ढकलणीने खेळ एका आर्थिक वर्षातून उचलून दुसऱ्यात गेला, म्हणजे एप्रिल २०२६ ते मार्च २०२७ मध्ये. ती खरी मोठी ढकलणी. कालची ढकलणी त्याच वर्षाच्या आत आहे. वर्षाचा आकडा तोच राहतो, तिमाही तेवढी बदलते. आणि कालच का सांगितलं? काल तिमाही निकाल होते. टेक-टू निकालाच्या दिवशी पुढचा अंदाजही सांगते. मे सांगून डिसेंबरात नोव्हेंबर म्हणणं जास्त महागात पडलं असतं.

आता शंकासुरांच्या कामाचं: १९ नोव्हेंबर ते ३१ मार्च २०२७ या साडेचार महिन्यांत खेळ पुन्हा सरकला तरी वार्षिक हिशेबात तो त्याच वर्षात राहतो. पण नाताळची विक्री हातची जाईल. म्हणून तारीख मोडणं अशक्य नाही, फक्त महाग आहे. नोव्हेंबर जायचा असेल तर त्याचा वास ऑगस्टच्या सुरुवातीच्या तिमाही निकालात येईल. त्या दिवशी ‘तारखेवर ठाम’ असं स्पष्ट म्हणाले तर रामबागकर जिंकले असं धरा.

जिरावण | ७ नोव्हेंबर, १.२०

ताळेबंद काका, टॅक्स भरायचाय, डीएम करू का?

ताळेबंद | ७ नोव्हेंबर, १.२२

नको.

फ्रेम_मोजणारा | ७ नोव्हेंबर, रात्री ९.४५

मूळ शंकेवर, म्हणजे ‘दाखवलंय ते मशीनवर चालेल का’ यावर कोणी बोललंच नाही.

पीएस५ मध्ये झेन २ जातीचा आठ कोअरचा सीपीयू (मुख्य प्रोसेसर) आहे, जास्तीत जास्त ३.५ गिगाहर्ट्झ. सेकंदाला ३० फ्रेम (चित्रं) म्हणजे एका फ्रेमला ३३.३ मिलिसेकंद, ६० म्हणजे १६.७. ट्रेलरमधला समुद्रकिनारा आठवा: शेकडो माणसं, प्रत्येकाचं चालणं वेगळं, कोणी मोबाईल काढतंय, कोणी भांडतंय, मागे रहदारी. चित्र रंगवणं हे जीपीयूचं (ग्राफिक्स चिपचं) काम, ते रिझोल्यूशन खाली आणून हलकं करता येतं. पण त्या गर्दीतला कोण कुठे वळणार, गाडी कशी आदळणार, ही गणितं सीपीयूची. ४के वरून १०८०पी वर आलात म्हणून गर्दीतली माणसं कमी होत नाहीत. म्हणून माझा अंदाज ३० चा. पीएस५ प्रो घेऊन ६० मिळेल या भ्रमात राहू नका. त्यातला जीपीयू बराच जड आहे, पण सीपीयू तोच, वेग फार तर दहा टक्के जास्त.

मधला मार्ग ४० फ्रेमचा आहे, २५ मिलिसेकंद. ऐकायला ३० च्या जवळ वाटतं, पण वेळेच्या हिशेबात ते ३० आणि ६० च्या बरोबर मधोमध येतं. त्यासाठी टीव्ही १२० हर्ट्झचा लागतो, कारण १२० ला ४० ने भाग जातो, ६० ला जात नाही. ६० हर्ट्झच्या टीव्हीवर ४० फ्रेम दाखवल्या तर एक फ्रेम एकदा, दुसरी दोनदा असं होऊन कॅमेरा फिरवताना हिसके बसतात. खेळात असला मोड असेलच असं नाही. पण टीव्ही घ्यायचाच असेल तर बॉक्सवर ‘१२० हर्ट्झ’ नुसतं वाचू नका, एचडीएमआयचं कुठलं पोर्ट ४के १२० घेतं ते मागच्या बाजूला बघा. बऱ्याच टीव्हींत चारपैकी एक-दोनच तसे असतात.

भिया_३६० | ७ नोव्हेंबर, १०.१०

३० वर खेळायला एवढे पैसे द्यायचे? जीटीए ५ पीएस३ वर ३० होता, पीएस४ वर ३० होता. १३ वर्षांनी परत ३०!

फ्रेम_मोजणारा | ७ नोव्हेंबर, १०.१८

पीएस३ वरचा ३० हा ‘कधी कधी ३०’ होता. पळती गाडी, स्फोट, पोलीस एकदम आले की पंचविशीत. स्थिर ३० आणि डळमळीत ३० मध्ये पोह्यात आणि भिजलेल्या पोह्यात असतो तेवढा फरक आहे.

पोहेवाला_पीसी | ८ नोव्हेंबर, सकाळी ८.०२

पोह्यांचं नाव निघालं म्हणून आलो. पीसीवाल्यांनी किती थांबायचं ते बघा. कन्सोल ते पीसी अंतर: जीटीए ४ सात महिने, रेड डेड २ एक वर्ष, जीटीए ५ एकोणीस महिने. म्हणजे नोव्हेंबर २०२६ खरा धरला तर पीसी २०२७ च्या मध्यापासून २०२८ च्या मध्यापर्यंत कधीही. आणि पहिला रेड डेड मे २०१० ला कन्सोलवर आला, पीसीवर ऑक्टोबर २०२४ मध्ये. चौदा वर्षं! रामालाही वनवास तेवढाच होता.

म्हणून जीटीए ६ साठी आज ग्राफिक्स कार्ड घेणाऱ्याला माझा कोपरापासून नमस्कार. सिल्व्हर मॉलला कोणी ‘जीटीए ६ रेडी’ म्हणून पीसी जोडून देत असेल तर विचारा, कुठल्या सिस्टिम रिक्वायरमेंटवरून? अजून पीसी आवृत्तीच जाहीर नाही.

थर्मल_पेस्ट | ८ नोव्हेंबर, ८.४०

+१. आणि आला तरी पहिल्या महिन्यात घेऊ नका. रेड डेड २ पीसीवर ५ नोव्हेंबर २०१९ ला आला तेव्हा कित्येकांचा लाँचरच (खेळ सुरू करून देणारा प्रोग्राम) उघडेना. ज्यांचा उघडला त्यांच्यात कमी कोअरच्या सीपीयूवाल्यांचा खेळ मधेच काही सेकंद गोठायचा. सेटिंगमध्ये चित्र रंगवायची पद्धत व्हल्कन बदलून डायरेक्टएक्स १२ केली की बऱ्याच जणांचं थांबायचं.

आजही कोणाचा रेड डेड २ ‘ईआरआर जीएफएक्स स्टेट’ म्हणून बंद पडत असेल तर आधी खेळ पुन्हा उतरवू नका. डॉक्युमेंट्समध्ये रॉकस्टार गेम्स, त्यात रेड डेड रिडेम्प्शन २, त्यात सेटिंग्ज. तिथे ‘एसजीए’ आणि खालची रेघ अशा नावाने सुरू होणाऱ्या फायली असतात, त्या उडवा. बाकीच्यांना हात लावू नका, नाहीतर तुमची सगळी सेटिंग जातील. या फायली म्हणजे शेडरचा, म्हणजे चित्र रंगवणाऱ्या छोट्या प्रोग्रामांचा साठा. ड्रायव्हर बदलला की जुना साठा नव्याशी जुळत नाही आणि खेळ तोल जाऊन पडतो. उडवल्यावर पहिल्यांदा उघडायला जास्त वेळ लागेल, घाबरू नका, साठा नव्याने बनतोय.

भिया_३६० | ८ नोव्हेंबर, ९.१५

आणि म्हणे ‘वेळ घेतायत कारण सफाई करतायत’. यांच्या सफाईचा एक नमुना सांगतो. जीटीए ऑनलाइन पीसीवर उघडायला सहा-सहा मिनिटं लागायची. २०२१ मध्ये बाहेरच्या एका प्रोग्रामरने आत डोकावून कारण शोधलं. उघडताना खेळ दुकानातल्या मालाची यादी वाचायचा, १० एमबीची नुसत्या मजकुराची फाईल, सुमारे ६३,००० नोंदी. दर वेळी पुढचा तुकडा वाचण्याआधी उरलेली फाईल किती लांब आहे ते शेवटपर्यंत मोजत जायचा. मग ही नोंद आधी आली होती का हे बघायला आतापर्यंतच्या सगळ्या नोंदी एकेक करून चाळायचा. म्हणजे जवळजवळ २०० कोटी तुलना, सीपीयूच्या एकाच कोअरवर, बाकीचे कोअर हातावर हात धरून. गंमत म्हणजे यादीत एकही नोंद दुहेरी नव्हती.

म्हणजे सराफ्यात (इंदूरच्या रात्रीच्या खाऊबाजारात) प्रत्येक प्लेट मागण्याआधी शेवटच्या गाड्यापर्यंत सगळी दुकानं मोजून यायचं.

त्याने दोन्ही गोष्टी दुरुस्त केल्या, सहा मिनिटांचं दोनाच्या आत आलं. कंपनीने त्याला १०,००० डॉलर दिले आणि मार्च २०२१ मध्ये पॅच (दुरुस्ती) आणला. सहा वर्षं हे तसंच पडून होतं, कारण खेळ विकला जात होता.

रामबागकर | ८ नोव्हेंबर, ९.४०

मुद्दा जोरदार आहे पण तो देखभालीचा, खेळ बनवण्याचा नाही. रेड डेड २ कन्सोलवर आला त्या दिवशी डिस्क घालून खेळता येत होता.

भिया_३६० | ८ नोव्हेंबर, ९.४३

आणि नोव्हेंबर २०२१ ची जुन्या तीन जीटीएंची नवी आवृत्ती? पावसाच्या रेघा इतक्या जाड की पुढचं दिसेना. सान अँड्रियासमधलं धुकं काढून टाकलं, तर कळलं की धुक्यामुळेच तो नकाशा मोठा वाटायचा. डोंगरावर उभं राहिलं की तिन्ही शहरं हातावर. पीसीची आवृत्ती तर काही दिवस विक्रीतूनच काढली.

रामबागकर | ८ नोव्हेंबर, ९.५०

ती बाहेरच्या स्टुडिओने बनवली होती.

भिया_३६० | ८ नोव्हेंबर, ९.५१

बॉक्सवर नाव कोणाचं होतं?

बारीक_सेव | ८ नोव्हेंबर, ९.५५

मी चहा ठेवलाय, चालू द्या.

सौ_सुदामानगर | ८ नोव्हेंबर, दुपारी ३.२०

नमस्कार, मला यातलं फारसं कळत नाही. मुलगा १४ वर्षांचा आहे, पुढच्या दिवाळीला पीएस५ हवाय आणि कारण हाच खेळ. आत्ता घेतलेला स्वस्त पडेल की पुढच्या वर्षी? आणि हा खेळ त्याच्या वयाला चालेल का?

गराडू | ८ नोव्हेंबर, ३.५५

ताई, दुसऱ्या प्रश्नाचं आधी: नाही. जीटीए ५ ला अमेरिकेत १७ वर्षांवरचं आणि युरोपात १८ चं प्रमाणपत्र होतं, आणि सहावा मवाळ असेल असं ट्रेलरवरून तरी वाटत नाही. चोऱ्या, खून, शिव्या, बाकीचंही. कन्सोल घेतलात तर मुलाच्या नावाने वेगळं खातं काढा, त्याची खरी जन्मतारीख टाका आणि ते तुमच्या खात्याला जोडा. मग सेटिंग्जमध्ये फॅमिली अँड पॅरेंटल कंट्रोल्समध्ये वयाची मर्यादा, खेळायचे तास, खर्चाची मर्यादा सगळं ठरवता येतं. खर्चाची मर्यादा शून्य ठेवा, हा सल्ला खेळ कुठलाही असो. आणि तुमच्या खात्याला पासवर्ड लावा, नाहीतर वरचं सगळं पाण्यात.

किमतीचं: कन्सोल जुना झाला की स्वस्त होतो हा जुना नियम या पिढीत उलटा झालाय. पीएस५ भारतात फेब्रुवारी २०२१ मध्ये डिस्कवाला ४९,९९० आणि डिजिटल ३९,९९० ला आला. नोव्हेंबर २०२२ मध्ये दोन्ही पाच-पाच हजारांनी वाढले. मधून मधून सेल लागतात तेव्हा बरीच सूट मिळते. म्हणून ‘आत्ता की पुढच्या वर्षी’ यापेक्षा ‘सेलमध्ये की बिनसेल’ हा प्रश्न धरा. फक्त ऐन नोव्हेंबर २०२६ मध्ये जेल रोडला जाऊन उभं राहू नका, तेव्हा दुकानदार म्हणेल ती किंमत.

सौ_सुदामानगर | ८ नोव्हेंबर, ४.१०

धन्यवाद दादा. मग आत्ता काहीच घेत नाही. त्याला हा धागा दाखवते.

बारीक_सेव | ८ नोव्हेंबर, ४.१२

ताई, भाचा आता आम्हाला शोधत येणार.

अनुभवी_शंकासुर | ८ नोव्हेंबर, ५.३०

एक्सबॉक्स सीरिज एस स्वस्त म्हणून कोणी घेणार असेल तर थोडं थांबा. जाहीर केलेल्या यंत्रांत ते आहे, म्हणजे खेळ येणार. पण त्यात मेमरी १० जीबी, पीएस५ मध्ये १६. त्या १० मधलेही ८ वेगवान, २ मंद. बाल्डर्स गेट ३ चं एक्सबॉक्सवर येणं याच मशीनमुळे लांबलं होतं: त्यावर दोघांनी पडदा वाटून खेळायची सोय बसेना. शेवटी डिसेंबर २०२३ मध्ये ती सोय एस वरून वगळूनच खेळ आला. जीटीए ६ मध्ये गर्दी आणि रहदारी मेमरीतच राहणार. माझी शंका अशी की अर्धा उशीर या छोट्या डब्याचा आहे. पुरावा नाही, शंकासुर आहे, शंका घेणारच.

फ्रेम_मोजणारा | ८ नोव्हेंबर, ६.००

शंका रास्त, पण उलटही घडतं. कमी मेमरीच्या मशीनवर बसवायला जी काटकसर करावी लागते, तिचा फायदा मोठ्या मशीनला मिळतो. जीटीए ५ पीएस३ च्या २५६+२५६ एमबीत बसवला होता. ते बसवणारे लोक सोपे नाहीत.

आणि सप्टेंबर २०२२ मध्ये चोरून फोडलेल्या जीटीए ६ च्या ९० क्लिप बघून ‘ग्राफिक्स भिकार’ म्हणणारे अजून भेटतात. त्या चाचणीच्या आवृत्त्या होत्या. पडद्यावर आकडे, कामचलाऊ भिंती, तात्पुरता उजेड. कामाचा बंगला बघून रंगाला नावं ठेवण्यासारखं आहे ते.

जिरावण | ८ नोव्हेंबर, ६.०८

अवांतर: ते फोडणारं पोरगं जामिनावर हॉटेलच्या खोलीत होतं, पोलिसांनी लॅपटॉप काढून घेतलेला. खोलीतल्या टीव्हीला फायर स्टिक आणि एक मोबाईल, तेवढ्यावर काम केलं. इथे ताई पॅरेंटल कंट्रोल लावायला निघाल्यात, ह. घ्या.

थर्मल_पेस्ट | ८ नोव्हेंबर, ८.३०

ज्यांच्याकडे पीएस५ आहे त्यांनी तारखेची चिंता सोडून जागेची करा. जुन्या पीएस५ मध्ये ८२५ जीबी लिहिलंय, हातात येतात ६६७. सीरिज एस चे ५१२ मधले ३६४. रेड डेड २ पीसीवर १५० जीबी मागतो. हा त्याहून लहान नसेल.

डाउनलोडचा हिशेब: १०० एमबीपीएस म्हणजे सेकंदाला १२.५ एमबी. १५० जीबीला ३ तास २० मिनिटं, तेही लाइन पूर्ण वेगाने मिळाली तर. ४० एमबीपीएसवर ८ तास २० मिनिटं. वायफायऐवजी लॅनची वायर लावा, रात्री लावून रेस्ट मोडमध्ये ठेवा. यूएसबीच्या हार्ड डिस्कवर पीएस५ चे खेळ ठेवता येतात, तिथून खेळता येत नाहीत. ती फक्त कोठार.

गराडू | ८ नोव्हेंबर, ८.४५

रेस्ट मोड म्हणालात तर लाईट जाण्याचंही सांगा. पेस्ट भाऊ, यूपीएस किती घ्यायचा?

थर्मल_पेस्ट | ८ नोव्हेंबर, ९.१०

पीएस५ जड खेळात २०० वॅटच्या आसपास ओढतो, ४३ इंची टीव्ही साधारण ८०-१००. ६०० व्हीएचा यूपीएस प्रत्यक्षात ३६० वॅटचा असतो. कागदावर चालतो, पण बॅटरी वर्षभर जुनी झाली की लाईट जाताक्षणी बसतो. १००० व्हीए घ्या. राऊटरही त्यावरच लावा. यूपीएस तासभर खेळायला नाही, शांतपणे बंद करायला आहे.

कन्सोल डिस्कवर डेटा लिहीत असताना लाईट गेली आणि नंतर कन्सोल अडखळायला लागला तर: पूर्ण बंद करा, पॉवरचं बटण दाबून धरा, सात सेकंदांनी दुसरा बीप आला की सोडा. सेफ मोड उघडेल. कंट्रोलर वायरने जोडा, बिनवायरचा तिथे चालत नाही. पाचवा पर्याय, क्लिअर कॅशे अँड रीबिल्ड डेटाबेस, त्यातला रीबिल्ड. खेळ आणि सेव्ह जात नाहीत. सातव्यावर बोट नको, तो सगळं धुऊन टाकतो.

रामबागकर | ९ नोव्हेंबर, सकाळी १०.२०

तिसरा प्रश्न तसाच राहिला. खेळ तयार आहे हे कशावरून ओळखायचं? माझ्या मते ‘गोल्ड’ गेल्याची घोषणा. म्हणजे अंतिम प्रत तयार, डिस्क छापायला गेली. त्यानंतर मागे फिरत नाहीत.

अनुभवी_शंकासुर | ९ नोव्हेंबर, १०.३५

फिरतात. सायबरपंक २०७७: आधी १६ एप्रिल २०२०, मग १७ सप्टेंबर, मग १९ नोव्हेंबर. (हो, तीच १९ नोव्हेंबर. माझा रामावर विश्वास आहे, योगायोगांवर नाही.) ५ ऑक्टोबरला गोल्ड जाहीर केलं. २७ ऑक्टोबरला आणखी २१ दिवस पुढे, १० डिसेंबर. गोल्ड म्हणजे कन्सोल कंपनीच्या तपासणीत पास झालेली आणि छपाईला गेलेली प्रत, खेळ पूर्ण झाला असं नाही. छपाई चालू असताना पहिल्या दिवसाच्या पॅचचं काम चालू असतं, आणि अर्धा खेळ त्या पॅचमध्ये असतो.

त्या प्रकरणातली खरी खूण वेगळी होती. समीक्षकांना आधी फक्त पीसीची प्रत दिली, आणि स्वतः टिपलेलं चित्रण दाखवायला मनाई होती. कन्सोलची प्रत विक्रीच्या तोंडापर्यंत समीक्षकांच्या हातात नाही. पीएस४ वर काय दिवे लावलेत ते लोकांनी पैसे देऊन पाहिलं. आठवडाभरात सोनीने खेळ दुकानातून काढला, तो परत आला जून २०२१ ला. म्हणून खूण एकच: ज्या मशीनवर तुम्ही खेळणार, त्याच मशीनवरचं, बाहेरच्या माणसाने टिपलेलं, न कापलेलं चित्रण. ते विक्रीच्या आधी आलं तर ठीक. नाही आलं तर पैसे खिशात.

खजराना_क्रॉसिंग | ९ नोव्हेंबर, ११.०५

शंकासुर, हेच मला म्हणायचं होतं पण मला ट्रेलरच्या पलीकडे बोट ठेवता येत नव्हतं. सीरिज एस वाल्यांनी मग पीएस५ चं चित्रण बघून समाधान मानू नये, बरोबर ना?

अनुभवी_शंकासुर | ९ नोव्हेंबर, ११.०९

अगदी. दोन्ही ट्रेलर एस वर कसे दिसतात ते कोणी दाखवलेलं नाही.

पोहेवाला_पीसी | ९ नोव्हेंबर, ११.३०

उशीर झाला की खेळ वाईटच, असंही नाही हो. सिल्कसाँग फेब्रुवारी २०१९ ला जाहीर, मग वर्षानुवर्षं शुकशुकाट. २१ ऑगस्ट २०२५ ला तारीख सांगितली, ४ सप्टेंबरला हातात. दोन आठवडे! किंमत २० डॉलर, आणि आला तेव्हा गर्दीने दुकानांच्या साइट कोलमडल्या. उलट ड्यूक नुकेम फॉरेव्हर १९९७ ला जाहीर, २०११ ला आला आणि कोणाला नको झाला. दोन्ही लांबलेलेच.

गराडू | ९ नोव्हेंबर, ११.४५

प्रीऑर्डर सुरू झाल्यावर बोनसच्या जॅकेटला भुलून कोणी पैसे भरलेच तर नियम लक्षात ठेवा. प्लेस्टेशन स्टोअरवर विक्रीच्या १४ दिवसांहून आधी भरले असतील तर विक्रीच्या दिवसापर्यंत रद्द करता येतात. उशिरा भरले असतील तर भरल्यापासून १४ दिवस, पण डाउनलोड सुरू केलं नसेल तरच. म्हणजे प्रीलोड (विक्रीआधीचं डाउनलोड) आपोआप सुरू झाला की हक्क गेला. ऑटो डाउनलोड बंद ठेवा.

ताळेबंद | ९ नोव्हेंबर, १२.१०

पैज लावायची का? १९ नोव्हेंबर २०२६ ला आला तर शंकासुर खिलवणार, नाही आला तर रामबागकर. सराफ्यात सगळ्यांना गराडू (तळलेला मसालेदार कंद). दिवाळी झालेली असेल, थंडी पडायला लागलेली असेल, मोसम बरोबर आहे.

रामबागकर | ९ नोव्हेंबर, १२.१२

मंजूर. वर जिरावण मसाला जास्त.

जिरावण | ९ नोव्हेंबर, १२.१३

मला का ओढता मध्ये.

अनुभवी_शंकासुर | ९ नोव्हेंबर, १२.२०

मंजूर. पण प्लेटी किती ते आत्ताच ठरवा, नंतर तारीखही सरकेल आणि आकडाही.

खजराना_क्रॉसिंग | ९ नोव्हेंबर, रात्री ८.००

पेस्ट भाऊ, शेवटचं. खेळ येवो न येवो, माझा ६६७ जीबी भरलाय. आत एसएसडी (साठवणीची वेगवान पट्टी) टाकायची तर काय बघून घ्यायची? दुकानदार म्हणतो कुठलीही एनव्हीएमई चालते.

थर्मल_पेस्ट | ९ नोव्हेंबर, ८.४०

कुठलीही नाही. पीसीआयई चौथी पिढी, चार लेनची. वाचण्याचा वेग सेकंदाला ५,५०० एमबी किंवा जास्त. क्षमता २५० जीबी ते ८ टीबी. आकार २२८० (२२ मिमी रुंद, ८० मिमी लांब) घ्या, सहज मिळतो. हीटसिंक (गरमी बाहेर टाकणारं धातूचं आवरण) लागतेच, आणि इथेच लोक फसतात: पीसीसाठीची उंच हीटसिंक घेतात आणि झाकण बसत नाही. एसएसडीची पट्टी आणि हीटसिंक मिळून एकूण जाडी ११.२५ मिमीच्या आत, त्यात पट्टीच्या वर जास्तीत जास्त ८, खाली २.४५. रुंदी २५ मिमीपर्यंत.

बंद करून वायर काढा, गार होऊ द्या. बाहेरचं कव्हर काढा, आत लांबट पत्र्याचं झाकण एका स्क्रूवर असतं, एक नंबरचा फिलिप्स स्क्रूड्रायव्हर. झाकणाखाली छोटा स्पेसर स्क्रूने धरलेला दिसेल, तो ८० लिहिलेल्या भोकावर हलवा. हे विसरलात तर एसएसडीचं दुसरं टोक वाकून लोंबतं. तिरकी घालून खाली दाबा, स्क्रू लावा, झाकण लावा. चालू केल्यावर फॉरमॅट विचारेल, ‘हो’ म्हणा, जुन्या साठ्याला धक्का लागत नाही.

खजराना_क्रॉसिंग | ९ नोव्हेंबर, ८.५५

दुकानदाराने जी दाखवली तिच्यावर ‘१५ मिमी’ लिहिलंय.

थर्मल_पेस्ट | ९ नोव्हेंबर, ८.५६

परत ठेवा तिथेच.